समूहगानात भाव कसा आणावा : वृंदात नव्याने आलेल्यांसाठी

आठ वर्षांपूर्वी मी नाशिकमधल्या एका हौशी समूहगान वृंदात दाखल झाले. शास्त्रीय गायनाच्या काही परीक्षा दिलेल्या असल्यामुळे वृंदात गाणे सोपे जाईल, असा माझा समज होता. पहिल्याच तालमीत ध्रुवपदाच्या शेवटी मी सवयीने एक मुरकी (स्वरांची झटकन घेतलेली छोटी नक्षी) घेतली आणि दिग्दर्शकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. "आवाज चांगला आहे, पण तो मला वेगळा ऐकू येतो आहे," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर कित्येक महिने मी दुसऱ्या टोकाला गेले. स्वर नेमके लागत होते, तालही नेमका होता, पण गाण्यात जीव नव्हता. आमचे एक ध्वनिमुद्रण ऐकून आई म्हणाली, "वर्गात हजेरी चालल्यासारखे वाटते." तेव्हा कोठे मी या प्रश्नाचा नीट विचार करू लागले.

आज मला जे समजले आहे ते असे : एकट्याच्या गाण्यात भाव आयत्या वेळी सुचू शकतो, वृंदात मात्र तो आधी सर्वांनी मिळून ठरवावा लागतो, कागदावर उतरवावा लागतो आणि नंतर प्रत्येकाने तो मनापासून गावा लागतो. ठरवलेली गोष्ट मनापासून कशी गाता येईल, अशी शंका नव्या माणसाला हमखास येते. मलाही आली होती. पुढच्या पायऱ्या त्याच शंकेच्या उत्तरादाखल लिहिल्या आहेत.

१. तालमीला जाताना जवळ काय असावे

साहित्य फार लागत नाही. गाण्याची मोठ्या अक्षरात लिहिलेली प्रत, जिच्या दोन ओळींमध्ये खुणा करण्याइतकी जागा सोडलेली असेल. पेन्सिल आणि खोडरबर, कारण खुणा बदलतात. मोबाइलवर तानपुऱ्याचे आणि लय मोजण्याचे ॲप. ध्वनिमुद्रण ऐकण्यासाठी हेडफोन. आणि साध्या किंवा कोमट पाण्याची बाटली. नाशिकच्या हिवाळ्यात पहाटेचे तापमान कित्येकदा दहा अंशांच्या खाली जाते. अशा दिवसांत सकाळची तालीम असेल तर घरूनच दहा मिनिटे ओंकार आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातले सावकाश पलटे (स्वरांचे ठरावीक क्रमाने चढउतार) करून निघावे. गार हवेत दुचाकीवरून येऊन थेट तार म्हणजे वरच्या सप्तकात आवाज लावला की तो फुटतो आणि मग तालीमभर ताळ्यावर येत नाही.

शब्द वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर पाहून गाणाऱ्याची मान खाली जाते, गळा आवळला जातो आणि दिग्दर्शकांचा हात दिसत नाही.

२. आपली पट्टी आणि आपली जागा ओळखा

गाण्याचा मूळ स्वर सा आपण पेटीच्या ज्या पट्टीवर धरतो, ती आपली पट्टी. पुरुषांचा सा बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास असतो आणि स्त्रियांचा पांढरी चार ते काळी पाचच्या आसपास. मिश्र वृंदात सगळे एकाच चालीत गात असतील तर संगीतकाराला कोठेतरी मधली पट्टी धरावी लागते. त्यामुळे कोणाला तरी खालचे स्वर पोहोचत नाहीत, तर कोणाला वरचे ताणावे लागतात. तुमचा स्वर जेथे पोहोचत नसेल तेथे गप्प राहा आणि तालीम संपल्यावर दिग्दर्शकांना तसे स्पष्ट सांगा. ते ती ओळ दुसऱ्या गटाकडे देतील किंवा तुम्हाला सप्तक बदलायला सांगतील. ओळीच्या मध्येच स्वतःच्या मनाने वरच्या सप्तकात उडी मारणे ही नव्या गायकांची नेहमीची चूक आहे. ताणलेल्या गळ्यातून भाव बाहेर पडत नाही, केवळ ताण ऐकू येतो.

सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बास (स्त्रियांचे उंच व खालचे आणि पुरुषांचे उंच व खालचे आवाज) अशा चार भागांत गाणारे वृंद आपल्याकडे तुलनेने कमी असले, तरी दोन किंवा तीन स्वरपट्ट्यांत, म्हणजे एकाच वेळी गायच्या वेगवेगळ्या चालींत, बांधलेली समूहगीते आता सर्रास गायली जातात. तुमच्या वाट्याला मुख्य चाल आली नाही म्हणून खट्टू होऊ नका. खालची पट्टी गाणाऱ्यांच्या हातात गाण्याचा रंग असतो, हे मी तीन वर्षे खालच्या पट्टीत गाऊन शिकले आहे.

३. गाणे आधी वाचा, आणि कोण कोणाशी बोलते आहे ते ठरवा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि बहुतेक वृंद नेमकी हीच गाळतात. उदाहरणासाठी मी येथेच जुळवलेल्या दोन ओळी घेते :

पाऊस आला, दार उघडा,
साचले ते वाहू द्या.

चाल न लावता या ओळी वृंदातल्या पाच जणांकडून मोठ्याने वाचून घ्या. एखादा त्या आनंदाची बातमी दिल्यासारख्या वाचील, एखादी आर्जव केल्यासारख्या, तर कोणी हुकूम सोडल्यासारख्या. असे पाच अर्थ एकाच वेळी गायले गेले तर ऐकणाऱ्यापर्यंत एकही अर्थ पोहोचत नाही, फक्त गलबला पोहोचतो. म्हणून प्रश्न विचारावेत. हे बोलणारे कोण आहेत? दाराच्या आत कोण आहे? दार किती दिवसांपासून बंद आहे? "साचले ते" म्हणजे अंगणातले पाणी, की मनात साठून राहिलेले काही?

आमच्या वृंदात अशाच एका पावसाच्या गीतावर बराच वेळ चर्चा झाली होती. संगीतकाराने चाल उल्हासाची बांधली होती आणि आम्हीही हसऱ्या चेहऱ्याने गात होतो. निफाडकडून येणारी एक ताई मात्र प्रत्येक वेळी त्या ओळीवर आखडायची. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "द्राक्षे काढणीला आलेली असताना पाऊस आला म्हटले, की आमच्या पोटात गोळा येतो." तिचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. मग आम्ही ठरवले की आपला पाऊस मृगाचा आहे, पेरणीआधीचा, ज्याची वाट पाहून डोळे शिणले आहेत. तेवढ्या एका निर्णयाने "आला" या शब्दाचा उच्चारच बदलला. त्यात सुटकेचा निःश्वास आला, आणि तो त्या ताईच्या आवाजात सर्वांत आधी आला. माझ्या शंकेचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. अर्थ एकदा सर्वांनी मिळून ठरवला, की प्रत्येकाला त्या अर्थापर्यंत जाण्याची स्वतःची वाट सापडते, आणि ती वाट प्रत्येकाची खरीच असते.

४. प्रतीवर खुणा करा

ठरलेला अर्थ आठवणीवर सोडू नये. प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त एका शब्दाखाली रेघ ओढा. आघात त्या शब्दावर येईल. वरच्या दोन ओळींत आम्ही "आला" आणि "वाहू" यांखाली रेघ ओढली असती. तीन शब्दांखाली रेघा आल्या, की एकाही शब्दाचे वजन जाणवत नाही. श्वासाच्या जागी उभी रेघ करा. आवाजाच्या मोठेपणासाठी आम्ही १ ते ५ असे आकडे वापरतो : १ म्हणजे झोपलेल्या बाळाजवळ बोलावे तितका आवाज, ५ म्हणजे पूर्ण मोकळा गळा. पाश्चात्त्य संगीताच्या खुणा येणाऱ्यांनी त्या वापराव्यात, पण सर्वांच्या प्रतीवर एकच पद्धत असावी.

मुरकी, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), खटका (स्वराला दिलेला झटका) यांचेही असेच आहे. संगीतकाराने जी जागा, म्हणजे अशी नक्षी, दिली आहे, तिच्यातले स्वर सुटे करून लिहून घ्या आणि संथ लयीत सर्वांनी एकत्र घोटा. जी दिलेली नाही, ती घेऊ नका, मग ती तुमच्या गळ्यात कितीही सुंदर बसलेली असो.

५. उच्चार एक करा

भाव शब्दांतून पोहोचतो आणि शब्द उच्चारातून. तीस माणसांचे तीस उच्चार झाले, की शब्द धूसर होतो. मराठीत गाताना पुढच्या जागा विशेष सांभाळाव्या लागतात.

पहिली जागा च, ज, झ यांची. आपल्या भाषेत ही अक्षरे दोन प्रकारे उच्चारली जातात. "चंद्र"मधला च तालव्य (जीभ टाळूला लावून म्हटलेला) आहे, तर "चांदणे"मधला दातांजवळचा. "जग" म्हणजे विश्व म्हणताना ज एका प्रकारचा असतो, आणि "तू जग" असे म्हणताना दुसऱ्या प्रकारचा. बोलताना आपण हे आपोआप करतो. गाताना मात्र हिंदी गीतांच्या सवयीमुळे निम्मे वृंद "साचले"तला च तालव्य करून टाकते आणि शब्द परका वाटू लागतो.

दुसरी जागा शब्दांच्या जोडाची. "दार उघडा" हे शब्द सलग ओढून गायले, तर ऐकणाऱ्याच्या कानावर "दारू" पडते. "पाऊस आला" जोडून गायले, की "पाऊसाला" असे ऐकू येते आणि वाक्याचा अर्थच हरवतो. अशा ठिकाणी श्वास घ्यायचा नाही, केवळ पुढचा स्वर नव्याने, हलक्या हाताने उचलायचा.

तिसरी जागा शेवटच्या व्यंजनाची, आणि येथे मी थोडी अधिक थांबते. "पाऊस"मधला शेवटचा स गद्यात पायमोडका, म्हणजे पुढे "अ" नसलेला, असतो. गाण्यात कधी तो तसाच ठेवतात, तर कधी त्याला किंचित "अ" जोडतात. दोन्ही चालते, पण वृंदात दोन्हींपैकी एकच काय ते ठरवावे लागते. पायमोडका ठेवायचा असेल तर तो कोणत्या मात्रेवर मिटायचा तेही ठरवा. तीस जणांचे स एकामागून एक आले, तर प्रेशर कुकरमधून वाफ सुटल्यासारखा आवाज होतो, आणि रंगमंचावरचे ध्वनिग्राहक (माइक) तो अधिकच उचलून धरतात. आमच्याकडे असा नियम आहे की स, श, ष शेवटी आले तर पहिल्या रांगेने ते स्पष्ट म्हणावेत आणि मागच्या रांगांनी जवळजवळ गिळावेत.

स्वर लांबवायचा असतो तो नेहमी अक्षरातल्या आ, ऊ, ए अशा स्वरावर. "दार" लांबवताना आ धरून ठेवावा आणि र अगदी शेवटी यावा. र आधीच वळवून धरला तर आवाज बंद होतो. आ सर्वांचा सारखाच उघडला जात आहे का, हे पाहण्यासाठी समोरासमोर दोन रांगा करून एकमेकांची तोंडे पाहत गा. सुरुवातीला संकोच वाटतो, पण चार-पाच तालमींत आवाज किती एकजीव होतो, ते तुमच्या तुम्हालाच जाणवेल.

६. श्वास वाटून घ्या

लांब ओळ एका दमात गाता आली नाही म्हणून घाबरू नका. वृंदाची सोय हीच आहे की येथे एकाचा दम संपला तरी ओळ तुटत नाही. श्वास आळीपाळीने घ्यायचा असतो. त्याचे नियम तीन. शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. सगळ्यांना जेथे घ्यावासा वाटतो, म्हणजे ओळीच्या शेवटी किंवा ठळक विरामाच्या जागी, तेथे तो ठरलेला नसेल तर टाळायचा. आणि शब्दाच्या मध्ये बाहेर पडताना आवाज हळूहळू विरवत बाहेर पडायचे, परत येताना त्याच स्वरावर अगदी हलक्या आवाजात मिसळायचे. धाडकन आत आलात तर मागच्या रांगेतल्या श्रोत्यालाही कळते.

याउलट, एखादा श्वास सर्वांनी मिळून घ्यायचा असेल, तर तोही गाण्याचा भाग समजून घ्या. "पाऊस आला" झाल्यावर सर्वांनी एकाच क्षणी घेतलेला खोल श्वास, पाऊस पाहून थबकलेल्या माणसाचा असू शकतो. श्वास ज्या भावाने घ्याल, त्याच भावाचा पुढचा स्वर लागतो.

७. हळू आवाजात गाताना ढिले पडू नका

बहुतेक नव्या गायकांना वाटते की भाव म्हणजे मोठ्याने गाणे, आणि हळू गाणे म्हणजे विश्रांती. प्रत्यक्षात १ क्रमांकाच्या आवाजाला दमावर अधिक ताबा लागतो. आवाज कमी करताना पोटाचा आधार सुटला की सूर उतरू लागतो. आवाज वाढवताना सूर चढतो आणि लयही पळू लागते. म्हणून तानपुरा चालू ठेवून एकच ओळ १ ते ५ आणि पुन्हा ५ ते १ अशी गा. तानपुऱ्याशी सूर कोठे सुटतो ते लगेच कळते.

या सरावासाठी नामधुनीइतके (देवाच्या नावाच्या सामूहिक गाण्याइतके) सोयीचे दुसरे काही नाही, कारण शब्द थोडे असतात आणि तेच ते पुन्हा येतात, त्यामुळे सारे लक्ष आवाजाच्या चढउताराकडे देता येते. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्याच नाशिकमध्ये रामनाम आधार आश्रम काढला होता. धून गाताना मला नेहमी त्यांची आठवण येते.

लयीची परीक्षा घ्यायची असेल तर राष्ट्रगीत गा. त्याच्या पूर्ण गायनाला सुमारे ५२ सेकंद लागावेत असा संकेत आहे. वाद्ये बंद ठेवून गा आणि वेळ मोजा. आमचे वृंद पहिल्या वेळी बरेच आधी संपले होते. उत्साहात आपण किती पळतो, हे त्या दिवशी घड्याळाने दाखवले.

८. चेहरा आणि नजर

चेहऱ्याचा आवाजावर थेट परिणाम होतो. गाल किंचित उचललेले असतील तर स्वर उजळ लागतो, चेहरा लोंबता असेल तर तो मंद होतो. म्हणून गाण्याचा अर्थ चेहऱ्यावर येऊ द्या, पण हातवारे किंवा मान डोलावणे ठरल्याशिवाय करू नका. नजर दिग्दर्शकांच्या हातावर असावी. आपली ओळ नसतानाही चेहऱ्यावरचा अर्थ उतरू देऊ नका. दोन ओळींच्या मधल्या संगीतात इकडेतिकडे पाहणारा एक गायक श्रोत्यांचे सारे लक्ष स्वतःकडे ओढतो.

९. जागा ओळखून गा

नाशिकमध्ये समूहगानाला निमित्ते पुष्कळ मिळतात : २६ जानेवारी, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, जो आपल्या कुसुमाग्रजांचा जन्मदिवस असल्यामुळे येथे विशेष जिव्हाळ्याने साजरा होतो, १ मे, १५ ऑगस्ट, आणि दिवाळीतली पाडवा पहाट. जागा मात्र एकसारख्या नसतात.

कालिदास कलामंदिरासारख्या बंदिस्त नाट्यगृहात पडदे आणि खुर्च्या आवाज शोषतात. रंगमंचावर आपला आवाज आपल्याला कोरडा ऐकू येतो आणि माणूस विनाकारण गळा ताणतो. त्यासाठी आपल्या दिशेने एक ध्वनिक्षेपक (स्पीकर) लावून घ्या आणि वाद्यांपेक्षा आवाज त्यात अधिक ठेवायला सांगा. ध्वनिग्राहक कमी असतील तर ते थोडे दूर आणि उंच ठेवावेत. अगदी जवळ ठेवला, तर त्याच्या समोरचा एकटाच गायक ऐकू येतो आणि वृंद नाहीसे होते.

गोदाघाटासारख्या उघड्या जागी अडचण वेगळी. तेथे आवाज परत येत नाही, आणि वृंद लांबच लांब उभे केले जाते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तीस मीटर लांब रांगेच्या एका टोकाचे गाणे दुसऱ्या टोकाला जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा पोहोचते. कानावर विसंबून गायलात तर रांगेची दोन टोके ताल सोडून एकमेकांच्या मागे धावू लागतात. अशा जागी रांगा आखूड आणि अधिक करा, तबला मधोमध घ्या आणि लय केवळ दिग्दर्शकांच्या हातावरून घ्या. बारीक चढउतार वाऱ्यावर उडून जातात. त्यामुळे १ आणि २ क्रमांकाच्या जागा तेथे ३ करा आणि सारा भर शब्दांच्या स्पष्टतेवर ठेवा.

१०. ध्वनिमुद्रण कधी आणि कसे ऐकावे

प्रत्येक तालमीची शेवटची दहा मिनिटे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मोबाइल वृंदापासून चार-पाच मीटर दूर ठेवा, हातात धरू नका. हातात धरलात तर फक्त तुमचाच आवाज येईल. घरी ऐकताना पहिल्यांदा प्रत समोर ठेवू नका. शब्द कळतात का, आणि ठरवलेला अर्थ ऐकू येतो का, एवढेच पाहा. शक्य असेल तर गाणे माहीत नसलेल्या घरातल्या कोणाला तरी ऐकवा आणि "हे कोण, कोणाला सांगते आहे?" असे विचारा. दुसऱ्यांदा प्रत घेऊन ऐका आणि जेथे खूण आहे पण तसे ऐकू येत नाही, तेथे पेन्सिलीने गोल करा.

स्वतःचा आवाज वेगळा ओळखू आला तर त्या ओळीपाशी थांबा. बहुधा तेथे तुम्ही आ अधिक उघडलेला असतो, व्यंजन उशिरा सोडलेले असते किंवा न ठरलेली एखादी जागा घेतलेली असते. पुढच्या तालमीत त्या ओळीला आवाज एक क्रमांकाने कमी करून गा आणि शेजाऱ्याचा आवाज आपल्या आवाजापेक्षा थोडा अधिक ऐकू येईल इतपत ठेवा.

कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण त्याच रात्री ऐकू नका, कारण त्या वेळी कान थकलेले असतात. दोन-तीन दिवसांनी ऐका, गोल केलेल्या जागा सुधारल्या का ते प्रतीवर लिहा, तिच्यावर तारीख आणि जागेचे नाव घाला आणि ती जपून ठेवा. तेच गाणे पुढच्या वर्षी पुन्हा बसवायला घ्याल तेव्हा नवी प्रत काढण्यापूर्वी ही जुनी प्रत सर्वांसमोर वाचून दाखवा.